कानिफची दीर्घिका पहिली न्हाई

त्या दिवशी सकाळी कानिफनं चहा अर्धाच पेला, बशी खाली ठिवली आन म्हनला, "आक्का, शिडी कुठंय आपली?"

मी भाकरी थापत हुते. म्हनलं, "शिडी कशाला आता? दुकान उघड जा."

"वेशीतला फ्लेक्स काढायचाय."

"वैजनाथनं लावलाय, त्यो काढंल."

"त्यो न्हाई काढायचा. किती डाव सांगितलं त्याला. तुमी जेवून घ्या, मी आलो."

कानिफ माझा धाकटा भाऊ. पुरं नाव कानिफनाथ, आईनं मढीला नवस केल्ता म्हनून. आमचं गाव कर्जत तालुक्यात, राशीनच्या अलीकडं. एसटी थांब्यापाशी त्याचं फोटोचं दुकान हाय. माझे मालक वारले तवापासून मी त्याच्याकडंच ऱ्हाते, आन दुकानात लॅमिनेशनचं आन फ्रेमीचं काम करते. दिवसभर शेजारी बसायचं म्हनून मला त्याचं समदं ठाव हाय. शाळा माझी चौथीपतुर, चुकलं तर समजून घ्या.

त्या सकाळी त्याला आकाशाचा अभ्यास करनाऱ्या पुन्याच्या ईरा मॅडमचा फोन आल्ता. हातात चहा हुता म्हनून त्यानं स्पीकरवर लावला, मी समदं ऐकलं. मॅडम म्हनल्या, "कानिफनाथ, तुमची शंका बरोबर होती. ती पहिल्या दीर्घिकांपैकी नाहीये. धुळीमुळं लाल दिसत होती. मोठ्या दुर्बिणीनं तिचा प्रकाश फोडून पाहिला, त्यात स्पष्ट झालं. पण जोडी खरी आहे, एकच दीर्घिका दोनदा दिसतेय."

कानिफ म्हनला, "मला वाटलंच हुतं मॅडम." आवाज मोकळा झाल्ता त्याचा. फोन ठिवला आन लगेच उठला. बसून चहा संपवायचं बी त्याला सुदरलं न्हाई.

शिडी सहादेव नानाच्या गोठ्यात सापडली. सहादेव नाना म्हंजी आमचा चुलता. नाना म्हनला, "आरं माझा बी फोटू हाय त्याच्यावर, काढतो काय."

"नाना, तुमचा फोटू कापून तुमच्या दारावर लावतो, मंग तर झालं?"

अश्विनी, त्याची बायकू, शिडी धरायला मागं पळाली. मी हात धुऊन निघाले, पर मी वेशीपाशी पोचायच्या आत त्यो वर चढला हुता. तिथं लोखंडी सांगाडा हाय, गावातले समदे फ्लेक्स त्याच्यावरच लागत्यात. वैशाखातला वारा. त्यानं एका अंगाच्या दोऱ्या कापल्या, वरची कापली, आन फ्लेक्स सुटला तसा वाऱ्यानं पोत्यावानी फुगून त्याच्या तोंडावर आला. त्यानं एका हातानं सारला. शिडी सरकली, अश्विनीच्या हातातनंच गेली. त्यो पाराच्या दगडावर पडला.

रगत लई न्हवतं, म्हनून आमाला वाटलं वाचंल. नगरच्या दवाखान्यात न्यायला वैजनाथनंच, आमच्या गावच्या पुढाऱ्यानं, जीप काढली, त्यानंच चालवली. मी मागं कानिफचं डोकं मांडीवर घिऊन. त्यो सारखा म्हनत हुता, "उठू दे मला. आक्का, बसू दे उठून." मी दाबून धरलं. कर्जत झालं, मिरजगाव मागं पडलं, आन त्यो गप झाला. वैजनाथनं आरशात बगितलं आन गाडी हळूच कडंला घेतली. तवा मला कळलं.

ल्हानपनापासून त्याला एका जागी बसता येत न्हवतं. शाळेत गुरुजी म्हनायचे ह्याच्या बुडाखाली मुंग्या हायेत. दहावीला दोनदा बसला, दोनदा नापास. मंग एका लग्नाच्या शूटिंगवाल्याबरूबर फिरला, लाईट धरायला. ते काम त्याला मानवलं, कारन लग्नात फोटूवाल्याला कोन बस म्हनत न्हाई. पुढं सवताचं दुकान टाकलं. पासपोर्ट फोटू, लग्नाचे अल्बम, बारशाचे, दहाव्याचे फ्लेक्स. डिझाईन इथं करायचा, छपाई कर्जतला. अश्विनी कोपरगावची, उसाच्या गावची. ती आल्यावर म्हनायची, ह्यांच्याशी बोलायचं तर मलाच चालावं लागतंय. त्यांची पोरगी रेश्मा बारामतीला नर्सिंग शिकती.

लग्नाच्या अल्बमात एक खोड असती. कुनाचा फोटू चांगला आला न्हाई तर दुसऱ्या फोटूतनं त्याचं तोंड उचलून चिटकवायचं. जागा उजवीकडं असली तर तोंड उलटं करायचं. आमी बायका बगतो तवा काय कळत न्हाई. कानिफला लगेच कळायचं. म्हनायचा, हिचा पदर बग कुठल्या खांद्यावर हाय, ह्याचा खिसा बग कुठल्या बाजूला. दुसऱ्याचा अल्बम लग्नघरी हातात आला की दोन पानं चाळून त्यो गालात हसायचा, आन अश्विनी त्याला कोपरानं ढोसायची.

तर ते ईरा मॅडमचं असं झालं. कर्जतच्या एका कॉलेजात त्यांचं भाषन हुतं आन शूटिंगला कानिफ गेल्ता. मॅडमनी पडद्यावर आकाशाचा फोटू लावला. मधी गॅलक्स्यांची, मॅडमच्या भाषेत दीर्घिकांची, दाटी, आन कडंनं बारीक बारीक वाकड्या रेघा. भाषन झाल्यावर ह्यो वायरी गुंडाळता गुंडाळता त्यांच्याकडं गेला आन म्हनला, "मॅडम, तुमच्या फोटूत एक चूक हाय. हे दोन ठिपके एकच हायेत. एक उलटा करून चिटकवलाय कुनी तरी."

मॅडम हसल्या. म्हनल्या, "चिकटवलाय खरा, पण माणसानं नाही." मंग त्यांनी त्याला उभ्या उभ्याच सांगितलं. मधी जी दाटी हाय ती लई जड, आन जडपनामुळं तिच्यामागनं येनारा उजेड वाकतो. भिंगातनं वाकतो तसा. म्हनून मागची एकच गॅलक्सी दोन तीन जागी दिसती, कवा सुलटी कवा उलटी. आन मोठी बी दिसती. ते नैसर्गिक भिंग न्हसतं तर येवढ्या लांबची ती दिसलीच न्हसती. मॅडमचं म्हननं, जग सुरू झाल्यावर ज्या पहिल्या गॅलक्स्या पेटल्या त्यांचा उजेड तेराशे कोटी वर्षं चालून आता आपल्यापतुर येतोय, आन त्या अशाच भिंगामागं शोधाव्या लागत्यात. फोटू लाखांनी हायेत, बगनारी मानसं कमी. म्हनून त्यांच्या संस्थेनं साध्या लोकांना बी फोटू बगायला द्यायचं सुरू केलं हुतं, कॉम्प्युटरवर.

घरी येऊन त्यानं मला बाटलीचं बूड दाखवलं. जाड काचंची सरबताची बाटली हुती, ती आडवी धरली आन म्हनला, "ह्यातनं देव्हाऱ्यातली निरंजन बग." मी बगितलं. एका वातीच्या दोन झाल्या, मधी बांगडीवानी उजेडाचा तुकडा. म्हनलं, "बरं मंग?" म्हनला, "मंग काय, हेच काम."

आन लागला. गिऱ्हाईक न्हसलं की फोटू. दिवसाढवळ्या दुकानात बसून आकाश बगायचा. बसून म्हंजी उभ्यानंच, खुर्ची त्याची नावाला. एक फोटू आला की त्याचे चार यायचे, येकेका रंगाच्या काचेतनं काढलेले. लई लांबची जी असती ती पहिल्या तीन फोटूत दिसतच न्हाई, निसत्या चौथ्यात दिसती, सगळ्यात तांबड्यात. कारन उजेड लांबनं येता येता तांबडा व्हत जातो. हे मला त्यानं इतक्या डाव सांगितलं का मी लॅमिनेशन करता करता मानच हलवायचे. लोकं चिडवायचे त्याला. नाना यायचा आन म्हनायचा, "काय रं, सापडली का कुनी वरची? अश्विनीला सांगू का?" कानिफ म्हनायचा, "नाना, ती तुमच्याहून म्हातारी हाय."

आन एक दिवस सापडली. म्हंजी त्याला तसं वाटलं. एका दाटीच्या दोन अंगाला दोन तांबडे ठिपके. शेंगदान्याच्या सालीवानी वाकडे. एकाचं टोक वर तर दुसऱ्याचं खाली, आरशात बगितल्यासारखं. आन चारातल्या निसत्या चौथ्या फोटूत. त्यो दुकानाच्या बाहेर गेला, आत आला, परत गेला. मला म्हनला, "आक्का, बग. पदर बग हिचा." मला दोन डाग दिसले. त्यानं मॅडमला पाठवलं. मॅडमनी बगितलं, त्यांच्या लोकांनी बगितलं, आन म्हनल्या जोडी तर वाटतेय, पहिल्यांपैकी असू शकेल, पण धुळीनं पण असं लाल दिसतं, मोठ्या दुर्बिणीनं तपासायला घेतलंय, तोपर्यंत थांबा.

थांबा. ते त्याला कुठं जमत हुतं. पर त्यानं चूक केली न्हाई हां. चहाच्या टपरीवर त्यो येवढंच बोलला का पुन्याला तपासाय दिलंय, लागलं तर लागलं. वैजनाथ तिथं बसला हुता. ग्रामपंचायतीची निवडनूक जवळ आल्ती.

कानिफ आन अश्विनी कोपरगावला लग्नाला गेले. परत आले, एसटीतनं उतरले, तर वेशीत फ्लेक्स, ह्यो येवढा मोठा. "ब्रह्मांडातील पहिली आकाशगंगा शोधल्याबद्दल गावचे सुपुत्र कानिफनाथभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन." खाली शुभेच्छुक, वैजनाथचा फोटू, सहादेव नानाचा फोटू, आन आनखी दहा बारा जन गॉगल लावून. वैजनाथच्या नावाखाली भावी सरपंच. फ्लेक्स कर्जतला करून आनला हुता, कानिफच्या दुकानात केला असता तर त्यानं करून दिला न्हसता हे त्याला बी म्हाईत.

कानिफ बगतच ऱ्हायला. मंग म्हनला, "उलटा छापलाय मला. खिसा उजवीकडं गेलाय."

तसाच पिशव्या घिऊन वैजनाथकडं गेला. मी बी गेले मागं.

"वैजूशेठ, ते खाली काढा. अजून ठरलं न्हाई काय."

वैजनाथ म्हनला, "भाऊ, तू निसता बस. गावाला अभिमान वाटतोय तर वाटू दे की."

"पर खोटं ठरलं तर?"

"मंग त्याच्यात भावी लिवू. भावी शोध. मी तरी कुठं सरपंच झालोय? माझ्या नावाम्होरं चार वर्षं भावीच हाय, कुनी काढाय लावलं का?"

तिथली लोकं हसली. कानिफला बी हसू आलं, पर त्यो हसला न्हाई.

तवापासून त्याचं बिनसलं. वेशीतनं जायचं टाळायचा, वड्याच्या अंगानं दुकानात यायचा. लोकं त्याला शास्त्रज्ञ म्हनाया लागली. कुनी विचारायचं पाऊस कवा, कुनी लेकराचं नाव काय ठिवू. बनुबाई, आमच्या शेजारची म्हातारी, तिनं विचारलं तिथं देव दिसला का. त्यानं कुनाला उडवून लावलं न्हाई. समद्यांना म्हनायचा, अजून तपासायचंय. पर तोंडानं तपासायचंय म्हनतोय आन वेशीत शोधल्याबद्दल लिवलंय, मानूस कशावर इस्वास ठिवंल. जेवताना ताटावरनं उठायचा. अश्विनीनं पाट घातला तरी उभ्यानं खायचा. दुकानात गिऱ्हाईकाचा फोटू काढायचा आन हसा म्हनायचंच इसरायचा. त्या महिन्यातले समदे पासपोर्ट फोटू बगा, लोकं रडव्या तोंडाची दिसत्यात.

एका दुपारी त्यो तिसरा फोटू उघडून बसला. ज्याच्यात ठिपका न्हाई त्यो. जुने, उडालेले फोटू लोकं घिऊन येत्यात ना, वडलांचा येकच हाय, नीट करून द्या म्हनून, त्याला जसा उजेड वाढवत न्यायचा तसा त्यो वाढवत नेला. म्हनला, "पक्कं करून घेतो. काळं हाय म्हंजी हाय." वाढवत गेला, वाढवत गेला. आन त्या काळ्यात एक पुसट काय तरी आलं. दुसऱ्या अंगाला बगितलं, तिथं बी.

माऊस सोडून त्यो उभा ऱ्हायला. म्हनला, "आक्का, तिसऱ्यात हाय."

"मंग चांगलं की."

"चांगलं न्हाई. तिसऱ्यात दिसती म्हंजी येवढी लांब न्हाई. ती पहिली न्हाई."

मी म्हनलं, मॅडमला कळंल तवा कळंल, तू कशाला सांगतो आदी. त्यानं त्याच वक्ती मॅडमला लिवलं. त्याचं उत्तर म्हंजी त्यो सकाळचा फोन.

आता म्होरलं सांगते.

त्याला आनला, अग्नी दिला, समदं झालं. तिसऱ्या दिवशी राख सावडून येताना वेशीत बगितलं तर नवा फ्लेक्स. काळी पट्टी, भावपूर्ण श्रद्धांजली, आन तोच उलटा फोटू. "ब्रह्मांडातील पहिली आकाशगंगा शोधणारे थोर शास्त्रज्ञ." आता त्याच्यात थोर बी आलं. मी तिथंच थांबले. बायकांनी धरून घरी आनलं, त्यांना वाटलं मला घेरी आली.

घरी मी म्हनलं, "नाना, वैजनाथला सांगा. ते खोटं हाय. मॅडमचा फोन मी ऐकलाय."

नाना म्हनला, "पोरी, गेला त्यो. आता खोटं काय आन खरं काय. नाव मोठं व्हतंय तर व्हऊ दे. रेश्माला स्थळं येतील तवा बापाचं नाव कामाला यील."

"नाना, त्यो त्येच काढाय चढला हुता."

"म्हनून काय तू चढनार हाय का आता?"

मी अश्विनीकडं बगितलं. ती भिंतीला टेकून बसली हुती. म्हनली, "आक्का, ऱ्हाऊ द्या ना. तेवढंच तर हाय मागं."

तिला काय बोलू मी. तिच्या हातातनं शिडी गेल्ती, ती रातंदिस हात बगायची सवताचे. पर मला बी बसता येईना. आंगनात जायचे, आत यायचे. रेश्मा म्हनली आत्या, तू पप्पांवानी कराया लागली.

दहावा भीमेच्या काठाला केला. कावळा लगेच शिवला. लोकं म्हनली चला, मागं कायच ऱ्हायलं न्हाई त्याचं. मला तसं वाटंना. आमच्याकडं दहाव्याला प्रवचन झालं का पुढाऱ्यांची भाषनं व्हत्यात, माईक असतो, मांडव असतो. ईरा मॅडम पुन्यावरनं आल्या हुत्या, बायकांत खाली बसल्या हुत्या. वैजनाथ उठला. बोलता बोलता त्याचं बी डोळं भरलं, ते खोटं न्हवतं, गाडी त्यानंच चालवली हुती. पर शेवटाला म्हनला, "आपल्या कानिफभाऊनं जगातली पहिली आकाशगंगा शोधली, आन ह्याला साक्षी म्हनून खास पुन्यावरनं आलेल्या मॅडम दोन शब्द बोलतील."

मॅडम उभ्या ऱ्हायल्या. त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी अश्विनीकडं बगितलं, मंग माझ्याकडं. खोटं त्या बोलनार न्हवत्या, आन दहाव्याला, बायकूसमोर, खरं कसं बोलावं ते त्यांना कळंना.

मी उठले आन म्होरं जाऊन वैजनाथच्या हातातला माईक घेतला. आमच्याकडं बायका दहाव्याला माईक धरत न्हाईत. माईक शिट्टी मारायला लागला, माईकवाला म्हनला, "मावशी, जरा लांब धरा."

मी म्हनलं, "मॅडम पाव्हन्या हायेत, त्यांना अवघड करू नका. मी सांगते. माझ्या भावाला एक गॅलक्सी सापडली. पर ती पहिली न्हाई. आदी त्यालाच कळलं ती पहिली न्हाई, मंग मॅडमच्या दुर्बिनीला कळलं. ज्या दिवशी त्यो गेला त्या सकाळी मॅडमचा फोन आल्ता. पहिली न्हाई म्हनून त्यो फ्लेक्स काढाय चढला. ते काम अर्धं ऱ्हायलंय. त्याच्या नावावर जे न्हाई ते लावू नका. येवढंच."

नाना खाली मान घालून वाळूत बोट फिरवत हुता. मंग बायकांतनं बनुबाईनं विचारलं, मोठ्यानं, तिला कमी ऐकू येतं, "मंग पोराला घावलं ते काय घावलं?"

मी मॅडमकडं बगितलं. मॅडम म्हनल्या, "आजी, त्यांना सापडली ती खरीच आहे. फक्त आम्ही जी शोधतोय तिच्यापेक्षा जवळची आहे."

"किती जवळची?"

"तिचा प्रकाश इथं यायला साधारण हजार कोटी वर्षं लागलीत."

बनुबाई म्हनली, "आन हे जवळचं?"

मागं कुनी तरी फुसकन हसलं. मंग दुसरं. मंग समदा मांडवच हसला, दहाव्याचा मांडव, प्रवचनकार बुवा बी उपरण्याआड हसले. मी बगितलं अश्विनीकडं. ती हसली न्हवती. उठली आन पान्याकडं निघून गेली.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलंना. चहा पुढ्यात ठिवायची, बोलायची न्हाई. तेरावा झाला, पाव्हने गेले, रेश्मा बारामतीला गेली. मी दुकान उघडलं, पर कॉम्प्युटर मला येत न्हाई, निसती लॅमिनेशनची मशीन पुसत बसले. दुपारच्याला अश्विनी आली आन कानिफच्या खुर्चीत बसली. अल्बम जुळवायला तिला येतं. तिनं कॉम्प्युटर चालू केला. आमी दोघी, आन बोलनं न्हाई.

तेवढ्यात वैजनाथ आला. दारातच उभा.

"आक्का, लई बेअब्रू झाली माझी. टपरीवर बसू देईनात. गेलो का म्हनत्यात आला बग जवळचा."

मी म्हनलं, "मंग काढ की फ्लेक्स."

"काढला. सकाळीच काढला. पर सांगाडा मोकळा दिसतोय ते बी बरं दिसंना. लोकं म्हनतील मानूस गेला आन ह्यांनी पंधरा दिवसांत पुसला. दुसरा लावतो. काय लिवायचं ते तुमीच सांगा."

मी अश्विनीकडं बगितलं न्हाई. मला वाटलं ती उठून जाईल. ती पडद्याकडं बगत हुती. मंग तिनं टाईप करायला सुरवात केली, आन करता करता मोठ्यानं वाचलं, "कानिफनाथ यांना सापडलेली दीर्घिका पहिली नाही. हे त्यांनी स्वतः ओळखलं."

वैजनाथ म्हनला, "वहिनी, फ्लेक्सवर न्हाई असं लिवत्यात का कुठं?"

"आमच्याकडं लिवत्यात," अश्विनी म्हनली.

वैजनाथनं डोकं खाजवलं. वाचलं, परत वाचलं. म्हनला, "मंग माझा फोटू नको त्याच्यावर. नानाचा बी नको. न्हाई लिवलेल्याखाली भावी कसं शोभंल."

"नकोच हाय," मी म्हनलं.

त्यो गेल्यावर अश्विनीनं कानिफचा फोटू घेतला, सुलटा केला, खिसा डाव्या अंगाला आला. शुभेच्छुकांची जागा समदी मोकळी. ती मला म्हनली, "आक्का, इथं काय टाकू?" दहाव्यानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली. मी म्हनलं तुला वाटंल ते. तिनं मॅडमला फोन लावला आन कानिफच्या त्या दाटीचा फोटू मागवला, चौथा, तांबड्या ठिपक्यांचा. कानिफच्या बाजूला बसवला आन कर्जतला छपाईला पाठवून दिलं.

आमी दुकान बंद करायला उठलो तर छपाईवाल्याचा फोन आला. नवा पोऱ्या हाय त्यो, त्याला काय म्हाईत न्हाई. अश्विनीनं स्पीकरवर लावला.

"वहिनी, फाईल मिळाली. पर फोटूवर दोन तांबडे डाग पडल्यात बगा, एक ह्या अंगाला आन एक त्या. साफ करून घिऊ का?"

"नको," अश्विनी म्हनली. "ठिव तसंच."

"दोन्ही ठिवू?"

"दोन्ही ठिव. ते एकच हाय."